आनंदीबाई : एका अक्षराची शिक्षा

कोलशेतला आमच्या घरी भांडण जुंपले की धाकट्या काकूला एकच शिवी मिळे : आनंदीबाई. काकू हिशेबाला चोख आणि बोलायला स्पष्ट. घराची वाटणी झाली ती तिनेच काकांचे कान भरले म्हणून, असे सारे म्हणत. मीही म्हणत असे. पुढे अभ्यासाला पेशवाई आली, मूळ आनंदीबाई वाचली, आणि माझी मान खाली गेली.

ही कोकणातल्या ओकांची मुलगी. राघोबादादांची पहिली पत्नी जानकीबाई वारल्यावर ती पेशव्यांच्या घरात आली. नवरा अटकेपर्यंत फौजा नेणारा, पण गादीने सदैव हुलकावणी दिलेला. पुतण्या माधवरावाने त्याला नजरकैदेत ठेवले. 1772 मध्ये माधवराव गेला आणि धाकट्या नारायणरावानेही तेच केले. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी या अठरा वर्षांच्या पेशव्याला ठार केले. राघोबांनी पुतण्याला धरण्यापुरतीच चिठ्ठी दिली होती, आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केला, अशी कथा पसरली. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले ते राघोबांना. ती मूळ चिठ्ठी आज कोणालाही पुढे ठेवता येत नाही. तरी म्हण चिकटली ती बायकोला!

दुसऱ्या बाजूची बाईही सुटली नाही. नारायणरावाची विधवा गंगाबाई 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर बाळंत झाली. लगेच कुजबुज उठली : मूल खरे की बदललेले? नाना फडणिसांशी तिचे नाते काय? भांडण पुरुषांच्या गादीचे, पणाला लागली बायकांची अब्रू.

आणि या भाऊबंदकीची किंमत कोणी मोजली? आपण! राघोबा इंग्रजांच्या आसऱ्याला गेले. डिसेंबर 1774 अखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च 1775 मध्ये सुरतेच्या तहात राघोबांनी त्यांना साष्टी व वसई देऊ केली. 1737 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून सोडवलेली साष्टी 1782 च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडेच राहिली. मग कोलशेतच्या काठावर कंपनीचे राज्य आणि खाडीपलीकडे काल्हेरला पेशव्यांचे, अशी स्थिती 1817 पर्यंत होती. सुरतेच्या तहावर आनंदीबाईची सही नव्हती. त्याआधी दोनच महिने, 10 जानेवारी 1775 रोजी, धारच्या किल्ल्यात ती दुसऱ्या बाजीरावाला जन्म देत होती.

1783 मध्ये राघोबा कोपरगावी वारले. धाकटा चिमाजी पित्याच्या मागे जन्मला. पुणे दरबाराच्या नजरेखाली मुले वाढवीत 1794 मध्ये ती गेली. दोन वर्षांनी बाजीराव पेशवा झाला, ते पाहायला ती उरली नाही. ती साधी होती, महत्त्वाकांक्षी नव्हती, असे मी म्हणत नाही. पण नुसत्या वदंतेवर दोनशे वर्षे शिक्षा भोगणारी बाई पाहून वाईट वाटते, एवढेच.

गेल्या गणपतीत मी काकूला वाटणीबद्दल विचारले. तिने पेटीतून कागद काढून पुढे ठेवला. वाटणीची मागणी काकांची होती आणि खाली सही त्यांचीच. इतकी वर्षे तो कागद घरातच होता. कोणी तो मागितला नव्हता. तिची माफी मागायचे मला त्या दिवशी धैर्य झाले नाही. हा अंक हाती आला की तिला वाचून दाखवणार आहे.