मलिक अंबर : पाण्यावर शहर वसवणारा



शाळेच्या इतिहासात मलिक अंबर आपल्याला गनिमी काव्याने लढणारा निजामशाहीचा वजीर म्हणून भेटला. पुढे माझी सारी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली आणि मी त्याच्याकडे जलतज्ज्ञ म्हणून पाहू लागलो.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दख्खनेत आला. अहमदनगरचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. धन्याच्या मृत्यूनंतर तो मोकळा झाला, काही काळ विजापूरकरांकडे राहिला आणि नगरला परतला. १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतल्यावर दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून त्याने बुडती निजामशाही सावरली. जमिनीचा कस पाहून त्याने बसवलेला सारा मलिकंबरी धारा म्हणून ओळखला गेला.

१६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच आपले शहर. १६१६ मध्ये मोगलांनी ते उद्ध्वस्त केले, त्याने ते पुन्हा उभारले. पण माणसे टिकायची तर पाणी हवे. त्यासाठी त्याने उत्तरेकडच्या डोंगरउतारातून जमिनीखाली नहर काढली. झिरपणारे पाणी भुयारात जमा होई आणि केवळ उताराने शहरातल्या हौदांपर्यंत येई. गाळ काढण्यासाठी ठिकठिकाणी उभी विवरे ठेवली होती. पंप नाही, इंधन नाही. न दिसणारे भूजल ओळखायचे आणि एवढ्या लांब अंतरात उतार चुकू द्यायचा नाही, हे बारीक निरीक्षणाशिवाय जमत नाही. मी याला संशोधनच म्हणतो.

१६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. १६५३ मध्ये औरंगजेब सुभेदार म्हणून आला, शहराचे नाव बदलले. पण नहर वाहत राहिली. पुढच्या काळात पाणचक्कीच्या नहरीसारख्या आणखी नहरी निघाल्या.

आज आपण जायकवाडीचे पाणी पंपांनी चढवून आणतो, तरी नळाला रोज पाणी येत नाही. नहरीची कितीतरी विवरे मात्र बांधकामाखाली गेली, काहींत राडारोडा भरला. जुन्या वस्तीत राहणाऱ्या वर्गमित्रांना माझी एवढीच विनंती आहे, की आपल्या गल्लीत नहरीचे तोंड उरले असेल तर ते बुजू देऊ नका. आणि गुरुजनांनी आताच्या मुलांना एकदा तिथे न्यावे. लढाया पुस्तकात वाचता येतात; पाण्याचा उतार जागेवर उभे राहूनच कळतो.