विजय हजारे : धावांमागचा दम

१९१५ साली सांगलीत जन्मलेले विजय हजारे पुढे बडोद्याचेच झाले. मार्च १९४७ मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध त्यांनी २८८ व गुल महंमद यांनी ३१९ धावा काढल्या. त्यांची ५७७ धावांची भागीदारी प्रथम श्रेणीत २००६ पर्यंत सर्वांत मोठी होती. चौकार सोडले, तर प्रत्येक धाव म्हणजे छोटी शर्यतच! स्नायूंतला ऊर्जेचा तयार साठा काही सेकंदांत सरतो; तो पुन्हा भरायला प्राणवायू व विसावा लागतो. विसावा अपुरा पडला की पाय जड होतात आणि गडी धावबाद होतो. १९५२ मध्ये हजारेंच्याच नेतृत्वाखाली भारताने पहिली कसोटी जिंकली. १८ डिसेंबर २००४ रोजी ते बडोद्यातच निवर्तले. हरणीच्या बालमित्रांनो, रोज पळा. दम कमवावा लागतो!