नदीच्या पोटातून वाट काढणारे मार्क ब्रुनेल

आपल्या सुरतेत मेट्रोच्या कामाचा शुभारंभ १८ जानेवारी २०२१ रोजी झाला. सरथाणा ते ड्रीम सिटी या मार्गातला कापोद्रा ते चौक बाजार हा सुमारे साडेसहा किलोमीटरचा भाग जमिनीखालून आखलेला आहे. वर दाट वस्ती आणि खाली तापीने आणलेली गाळाची माती! अशा मातीत बोगदा खणताना वरची घरे खचत कशी नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला एका जिद्दी माणसाचे चरित्र सापडले.

मार्क ब्रुनेल यांचा जन्म २५ एप्रिल १७६९ रोजी फ्रान्समध्ये झाला. मुलाने धर्मगुरू व्हावे ही वडिलांची इच्छा, पण मुलाचा ओढा गणित आणि चित्रकलेकडे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत राजाचा पक्ष घेतल्यामुळे १७९३ साली त्यांना अमेरिकेला पळावे लागले. तेथे ते न्यूयॉर्क शहराचे मुख्य अभियंता झाले. १७९९ मध्ये ते इंग्लंडला आले. तेथे त्यांनी जहाजांच्या कप्प्या बनवणारी यंत्रे उभी केली. तरीही व्यवहारात खोट आली आणि १८२१ साली कर्जापायी त्यांना तुरुंगात दिवस काढावे लागले. पत्नी सोफिया तेथेही सोबत राहिल्या.

जहाजाचे लाकूड पोखरणारा एक समुद्री जीव ब्रुनेल यांनी बारकाईने पाहिला होता. तो कठीण कवचाने पुढे कोरतो आणि मागच्या भोकाला आतून अस्तर लावत जातो. त्यावरून त्यांना बोगद्याची ‘ढाल’ सुचली. १८१८ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले.

१८२५ मध्ये लंडनला थेम्स नदीखाली काम सुरू झाले. लोखंडी ढालीत ३६ खण आणि प्रत्येक खणात एक मजूर. समोरची एक फळी काढायची, काही इंच माती खणायची, फळी पुढे सरकवून पुन्हा घट्ट बसवायची. मग ढाल पुढे रेटायची आणि मागे लगेच विटांचे बांधकाम करायचे. माती निराधार सोडायची नाही, हेच त्यातले मर्म.

पण नदीने सहज वाट दिली नाही. १८२७ मध्ये बोगद्यात पाणी घुसले. जानेवारी १८२८ मध्ये पुन्हा घुसले आणि सहा जण दगावले. कामावर असलेला मुलगा इझंबार्ड जखमी होऊन थोडक्यात वाचला. पैसा संपला आणि काम सुमारे सात वर्षे बंद पडले. ब्रुनेल यांनी मात्र पिच्छा सोडला नाही. २५ मार्च १८४३ रोजी सुमारे ४०० मीटरचा तो बोगदा खुला झाला, तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. १२ डिसेंबर १८४९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १८६९ मध्ये त्यातून रेल्वे सुरू झाली आणि आजही लंडनच्या गाड्या तेथून जातात.

आता फळ्यांच्या जागी दात्यांचे फिरते चाक आले, विटांच्या जागी काँक्रीटचे तयार तुकडे आले. मर्म मात्र तेच राहिले. सुरतेच्या जमिनीखालून प्रवास कराल, तेव्हा ब्रुनेल यांच्याबरोबर त्या सहा जणांनाही आठवा, एवढेच आमचे सांगणे.