उदयनगरची राणी

इंदूरची राणी म्हटलं की आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एकच नाव येतं, आणि ते येणं बरोबरच आहे. हातात पिंड, डोक्यावर पदर. पण इंदूरच्या ख्रिस्ती माणसाला विचाराल, तर तो कदाचित दुसरीच एक राणी सांगेल. ती राजघराण्यातली नव्हती, माळव्यातलीही नव्हती. केरळच्या शेतकऱ्याची मुलगी. नाव सिस्टर राणी मारिया.

सिस्टर म्हटल्यावर आपल्याकडे आधी हॉस्पिटलमधली नर्सच आठवते. मग शाळेतल्या सिस्टर, हातात पट्टी घेतलेल्या. माझ्या मनातही सिस्टरांचं चित्र बरीच वर्षं शाळा, चॅपल आणि स्वच्छ पुसलेला व्हरांडा एवढंच होतं. बँकेच्या खिडकीपाशी अर्ज घेऊन उभी असलेली, तलाठ्याशी हुज्जत घालणारी सिस्टर त्यात कुठे बसत नव्हती. राणी मारियांचं आयुष्य वाचताना मला सगळ्यात आधी ते चित्र पुसावं लागलं.

त्यांचा जन्म २९ जानेवारी १९५४ चा, एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळी गावचा. आईचं नाव एलिस्वा, वडिलांचं पैली, आडनाव वट्टालिल. सात भावंडांत ही दुसरी. बाप्तिस्म्याचं नाव मरियम. घर शेतकऱ्याचं, प्रार्थनेचं, त्या काळच्या केरळातल्या शेकडो ख्रिस्ती घरांसारखं. अशा घरांतून त्या वर्षांत मुली मोठ्या संख्येनं मठात जात आणि तिथून उत्तरेला निघत. मरियम १९७२ साली फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघात गेली. संत अल्फोन्सा ज्या संघाच्या, तोच हा. १ मे १९७४ ला तिनं पहिली व्रतं घेतली आणि मरियमची राणी मारिया झाली.

पुढच्याच वर्षी त्या उत्तरेत आल्या. मातृभाषा मल्याळम, आणि कामाची भाषा हिंदी, जी मुळापासून शिकायची. मी दोन भाषांत वाढले, म्हणून मला यातलं थोडं कळतं. पण दुसरी भाषा वर्गात मिळणं वेगळं आणि चावडीवर उभं राहून त्या भाषेत भांडता येणं वेगळं. उत्तर प्रदेशातल्या बिजनौरला त्यांनी आधी शाळेत शिकवलं, मग समाजकार्य अंगावर घेतलं. २२ मे १९८० ला अंगमाली इथे अखेरची व्रतं झाली. १९८३ मध्ये बदली सतना धर्मप्रांतात, ओडगडीला. तिथे नऊ वर्षं. या काळात त्यांनी रीवा विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केलं. मठातली कामं, खेड्यांतली पायपीट आणि वर अभ्यास. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री काय काय बोलतो ते आठवून मला जरा लाजच वाटली.

मे १९९२ मध्ये त्या उदयनगरला आल्या. हे गाव इंदूरच्या आग्नेयेला, देवास जिल्ह्यात. देवास आपल्याला कुमार गंधर्वांमुळे माहीत. माझ्यासारख्या इंग्रजी वाचणाऱ्यांना फॉर्स्टरमुळेही. पण उदयनगर म्हणजे ते टेकडीवरच्या देवीचं देवास नव्हे. हा जिल्ह्याचा दक्षिणेकडचा, विंध्याच्या घाटांचा, जंगलाचा भाग. वस्ती बरीचशी आदिवासींची. तिथलं सिस्टरांचं घर म्हणजे स्नेह सदन.

आता इथे जरा थांबते, कारण राणी मारियांची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथून उडी मारून थेट बसमध्ये जातात. मधली पावणेतीन वर्षं काय झालं हे दोन ओळींत उरकतात. मला वाटतं, खरी गोष्ट तिथेच आहे.

पेरणीच्या वेळी घरात बी नसतं. मग सावकाराकडून घ्यायचं. आजारपण, लग्न, मयत, सगळ्याला तोच दरवाजा. बदल्यात बायकोचे चांदीचे कडे-वाळे गहाण, नाहीतर जमिनीचा तुकडा. कागदावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही, अंगठा मात्र द्यावा लागतो. कापणी झाली की धान्य खळ्यावरूनच जातं, तेही सावकाराच्या भावानं. म्हणजे वर्षभर राबून माणूस पुन्हा बी मागायला त्याच दारात. कर्ज बापाकडून मुलाकडे येतं, जमिनीसारखंच. फक्त जमीन राहत नाही, कर्ज राहतं.

त्या वेळी सरकारी योजना नव्हत्या असं नाही. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून गरिबाला बँकेचं कर्ज आणि वर अनुदान मिळायची सोय होती. नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग सुरू केला तो १९९२ मध्येच. पण योजना कागदावर आणि माणूस जंगलात. मध्ये अर्ज, दाखले, साहेब, आणि न वाचता येणारी अक्षरं. राणी मारिया नेमक्या त्या मधल्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या. लोकांना एकत्र बसवायचं, बचतीची सवय लावायची, बायकांचे गट करायचे, बँकेत न्यायचं, आपला हक्क काय हे समजावून सांगायचं. त्यातच ७३ वी घटनादुरुस्ती झाली आणि १९९४ मध्ये मध्य प्रदेशात नव्या पद्धतीनं पंचायतीच्या निवडणुका झाल्या. गावात कोणाचं चालायचं हा प्रश्नच नव्यानं उघडला गेला.

लोक बँकेत जायला लागले की सावकाराचं काय होतं हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. धान्य खळ्यावरून हलेना. मजूर मजुरी विचारू लागला. गावच्या बड्या मंडळींच्या डोळ्यांत ही बाई खुपायला लागली. ती धर्मांतर करते अशी हाकाटीही झाली. हा मुद्दा टाळून पुढे जाणं मला बरं वाटत नाही, कारण माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं मला तोच प्रश्न पहिला विचारला होता. तिला मी सांगितलं तेच इथे लिहिते. त्या सिस्टर होत्या, येशूवर त्यांची श्रद्धा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. पण ज्यांच्या पोटात दुखलं त्यांचं दुखणं व्याजाचं होतं.

२५ फेब्रुवारी १९९५, शनिवार. चाळीस दिवसांचा उपासकाळ तोंडावर आला होता. राणी मारिया सकाळी उदयनगरहून इंदूरच्या बसमध्ये बसल्या. इंदूरहून पुढे त्यांना केरळला, घरी जायचं होतं. वय ४१. बस भरलेली. त्यात समुंदर सिंह नावाचा विशीतला एक तरुण होता, त्याच्या मनात सिस्टरांबद्दल विष भरून त्याला पाठवलेलं. वाटेत नाचनबोर टेकडीपाशी त्यानं बस थांबवायला लावली, खाली उतरून नारळ फोडला, प्रसाद म्हणून खोबरं वाटलं. मग सुरा काढला. बसमध्ये वार करून त्यांना बाहेर ओढलं, बाहेर पुन्हा वार केले. अंगावर ५४ जखमा मोजल्या गेल्या. त्यातल्या ४० खोल. शेवटपर्यंत त्या येशूचं नाव घेत होत्या असं सांगतात. बसमधल्या एकाही माणसानं त्याचा हात धरला नाही.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ नुसती बसले होते. त्या बसमध्ये मी असते तर उठले असते, असं मला लिहिता येत नाही.

दोन दिवसांनी त्यांना उदयनगरलाच पुरलं. समुंदर सिंहला जन्मठेप झाली.

आपल्या मराठी ख्रिस्ती बोलीत हुतात्म्याला रक्तसाक्षी म्हणतात. मला हा शब्द आवडतो, पण राणी मारियांच्या बाबतीत तो अडचणीचाही ठरू शकला असता. कारण चर्चच्या नियमाप्रमाणे श्रद्धेच्या द्वेषातून मारलं गेलं तरच रक्तसाक्षी. आणि इथे तर भांडण कर्जाचं, मजुरीचं, जमिनीचं! हाच पेच एल साल्वादोरच्या आर्चबिशप ऑस्कर रोमेरोंच्या बाबतीत होता. गरिबांची बाजू घेतली म्हणून त्यांना मार्च १९८० मध्ये मिस्सा चालू असताना गोळी घातली, आणि ते राजकारणासाठी मेले की श्रद्धेसाठी यावर पुढे कितीतरी वर्षं काथ्याकूट झाला. २०१५ मध्ये रोमेरो ब्लेसेड झाले. राणी मारियांचं रक्तसाक्षीपण पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१७ मध्ये मान्य केलं, आणि ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर कार्डिनल अमातो यांनी त्यांना ब्लेसेड घोषित केलं. गरिबाचा अंगठा कागदावरून सोडवणं हे भक्तीच्या बाहेरचं काम नाही, असाच त्याचा अर्थ मी लावते. कोणी फादर हे वाचून मला दुरुस्त करणार असतील तर करोत.

राहिली क्षमेची गोष्ट. रिट्रीटमध्ये ती मी इतक्यांदा ऐकली होती की मला तिचा थोडा रागच आला होता. मेलेल्या बाईपेक्षा मारणाऱ्याचंच मन किती बदललं याचं कौतुक जास्त. त्याच्यावर माहितीपटही निघाला. तिच्या बचत गटांवर कोण काढणार? अजूनही मला तसं वाटतं. पण गोष्ट खरी आहे, आणि ती घडवली त्याच घरच्या बायकांनी. राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याच संघातली सिस्टर. २००२ मध्ये राखीच्या दिवसांत ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि समुंदर सिंहला राखी बांधून आली. सुरुवात एका साधूसारख्या राहणाऱ्या फादरांनी केली होती, स्वामी सदानंद त्यांचं नाव. ते त्याला तुरुंगात भेटत राहिले. पुढे आई एलिस्वाही त्याला भेटली, आणि तिनं त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. त्या हातांना तिच्या मुलीचं रक्त लागलं होतं. राखीचं मला समजतं, निदान समजल्यासारखं वाटतं. आईचं नाही समजत. माझ्या आईला विचारलं, तर ती पोळी लाटता लाटता थांबली आणि काहीच बोलली नाही.

त्याला सोडावं म्हणून घरच्यांनीच अर्ज केला. २००६ मध्ये तो सुटला. जानेवारी २००७ मध्ये तो गाडीत बसून केरळला, पुल्लुवळीला गेला. बारा वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या त्या सकाळी सिस्टर निघाल्या होत्या त्याच घरी. दारात एलिस्वा होती.