वसईचे संत गोन्सालो गार्सिया

आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी आपण धर्मगुरूंचे व उपकारकर्त्यांचे कृतज्ञतेने स्मरण करतो. परंतु नगर जिल्ह्याच्या खेडोपाडी पायी हिंडून मुलाबाळांना प्रार्थना शिकविणारे धर्मशिक्षक मास्तर बहुधा अनामिकच राहिले. अशाच एका धर्मशिक्षकाचे चरित्र आम्ही प्रिय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इ. स. 1557 च्या सुमारास वसई येथे गोन्सालो यांचा जन्म झाला. पिता पोर्तुगीज, माता याच भूमीची. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले आणि कोवळ्या वयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा आत्मसात करून सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षण दिले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची अंतरीची इच्छा. ती मात्र सफल झाली नाही.

अशा वेळीच मनुष्याची परीक्षा होते. त्यांचे मागणे वाईट नव्हते, सेवाही उणी नव्हती, तरी हेतू सिद्धीस गेला नाही. पुढे त्यांनी व्यापार केला व त्यात त्यांना यश आले. परंतु धनाने जीव तृप्त होईना. तेव्हा तो भरभराटीचा व्यापार सोडून मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. तेही याजक म्हणून नव्हे, तर साधे बंधू म्हणून.

1593 साली पीटर बाप्टिस्ट यांचे दुभाषे होऊन ते जपानला परतले. सत्ताधीश हिदेयोशीसमोर ते बोलत, परंतु ते बोलणे आपल्या वरिष्ठांचे असे. क्योटोत या संघाने कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली.

1596 च्या प्रारंभी इकडे चांदबिबीने नगरचा किल्ला मोगलांपासून राखला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिकडे गोन्सालो व त्यांचे सोबती पकडले गेले. त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून, ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी एका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर देहदंड झाला. त्यांत पॉल मिकी यांच्यासह येशूसंघाचे तिघे होते. ज्या संघात गोन्सालोंना स्थान मिळाले नव्हते, त्याच्याच सभासदांसमवेत त्यांनी प्राण अर्पिला.

8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी त्यांस संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत होत.

बंधुजनहो, मान न मिळाल्यामुळे आपण कितीदा सेवेचे काम टाकून देतो! आपल्या ग्रामस्थांस आपल्या इच्छेला आवर घालण्याचे बळ मिळो, आणि वाट्यास आलेली धाकटी जागा आनंदाने भूषविण्याची कृपा लाभो, हीच या संताच्या मध्यस्थीने आमची प्रार्थना.