मंगळावर सिमेंट बनवायचंय? मग रस्त्यातले दगड उचलणाऱ्या या गवंड्याची गोष्ट माहीत हवी

२०१८ ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात अंतराळवीरांनी छोट्या पिशव्यांमध्ये सिमेंटचा मुख्य घटक पाण्यात कालवला. उद्या चंद्रावर, मंगळावर घरं बांधायची तर गुरुत्वाकर्षणाशिवाय सिमेंट कसं घट्ट होतं, हे नासाला बघायचं होतं. त्या घटकाचं नाव ट्रायकॅल्शियम सिलिकेट. आणि त्याच्या मागे आहे इंग्लंडमधल्या एका बापलेकाचं भांडण.

बापाचं नाव जोसेफ ॲस्पडिन. जन्म १७७८ चा, लीड्समधला. वडील गवंडी, हाही गवंडी. चुन्यापेक्षा पक्कं काहीतरी बनवायचं त्याच्या डोक्यात बसलं. रीत अशी, की चुनखडी भाजायची, चिकणमातीत कालवायची, पुन्हा भाजायची आणि दळायची. पण एवढी चुनखडी आणायची कुठून? तिकडचे रस्तेच चुनखडीच्या दगडांचे होते. पठ्ठ्यानं रस्त्यातले दगड उचलले! त्यासाठी दोनदा खटलाही झाला.

२१ ऑक्टोबर १८२४ ला त्याला पेटंट मिळालं. पोर्टलंडचा दगड तेव्हा इमारतींसाठी नावाजलेला, म्हणून यानं आपल्या मालाला पोर्टलंड सिमेंट म्हटलं. आपल्याकडे गोणीवर ओपीसी लिहिलेलं असतं ना, त्यातला ‘पी’ तो हाच.

पण खरी गंमत पुढे आहे. जोसेफची भट्टी पुरेशी तापायचीच नाही, त्यामुळे त्याच्या सिमेंटमध्ये ट्रायकॅल्शियम सिलिकेट जवळपास नव्हतंच. ते आलं त्याच्या मुलामुळे, विल्यममुळे. १८४१ मध्ये दोघांचं फाटलं. पोराच्या कर्जाशी आपला संबंध नाही, असं बापानं जाहीर करून टाकलं. विल्यमनं लंडनला जाऊन कारखाना काढला आणि मिश्रणाचे कडक गोळे होईपर्यंत भट्टी तापवली. त्याचं सिमेंट बापाच्या सिमेंटपेक्षा कितीतरी मजबूत निघालं, पण नाव मात्र त्यानं बापाचंच वापरलं. कामगारांना गुपित कळू नये म्हणून तो भट्टीत रंगीत पूड टाकायचा, असं सांगतात.

जोसेफ १८५५ मध्ये वेकफिल्डला वारला, विल्यम १८६४ मध्ये जर्मनीत.

स्थानकातल्या पिशव्यांमधलं सिमेंट घट्ट झालं, पण आत छिद्रं जास्त निघाली. मंगळावर अडचण जोसेफचीच आहे, चुनखडीची. तिचे मोठे साठे तिथे सापडलेले नाहीत. म्हणून संशोधक गंधकाकडे वळलेत. ते वितळवायचं, तिथल्या मातीत मिसळायचं आणि थंड होऊ द्यायचं. यात पाणी लागत नाही.