फ्रेडरिकच्या फौजेचा चित्रकार

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनी हे एकसंध राष्ट्र नव्हते. अनेक राज्यांत विखुरलेल्या जर्मन समाजाला समान वीरपुरुषाची ओढ लागली होती. ती भागविणाऱ्या छापील चित्रांचा सर्वांत समर्थ निर्माता म्हणजे आडोल्फ मेंझेल.

त्याचा जन्म ८ डिसेंबर १८१५ रोजी ब्रेस्लाऊ (आताचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथे झाला. वडील शिळाप्रेस चालवीत. १८३० मध्ये कुटुंब बर्लिनला आले आणि दोनच वर्षांत वडील निवर्तले. सोळा वर्षांच्या, शरीराने ठेंगण्या मेंझेलवर प्रेस आणि कुटुंब या दोहोंचा भार पडला.

फ्रान्समध्ये ओरास व्हेर्नेच्या चित्रांनी सजलेले नेपोलियनचे चरित्र १८३९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला जर्मन उत्तर म्हणून लायप्झिगच्या वेबर या प्रकाशकाने फ्रान्झ कूग्लरलिखित फ्रेडरिक द ग्रेटचे चरित्र काढले. लायप्झिग सॅक्सनीत होते आणि त्याच सॅक्सनीवर प्रशियाच्या या राजाने १७५६ मध्ये चढाई केली होती. जुने वैर मागे सारून शत्रूला राष्ट्रपुरुष करण्याची ही प्रक्रिया होती. १८४२ पर्यंत पूर्ण झालेल्या या ग्रंथासाठी मेंझेलने लाकडी ठशांवरून छापलेली सुमारे चारशे चित्रे रेखाटली.

पुढे त्याने जतन केलेले जुने गणवेश न्याहाळून फ्रेडरिकच्या सैन्यावर ४३६ शिळाछाप चित्रांचा संच सिद्ध केला. १८५७ मध्ये पूर्ण झालेल्या या संचाच्या अवघ्या ३० प्रती निघाल्या. १८५६ मध्ये फ्रेडरिक व त्याच्या सेनानींची व्यक्तिचित्रेही ठशांवरून प्रसिद्ध झाली. त्यांत देवत्वाचा आव नाही. थकलेले चेहरे आणि रणात वावरलेली माणसे आहेत. म्हणूनच ते वीर वाचकांना आपले वाटले.

१८६६ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात युद्ध पेटले. कोनिगग्रेट्झच्या विजयानंतर मेंझेल रणभूमीकडे गेला. तेथे त्याने विजयाचा सोहळा न रंगविता जखमी, मरणासन्न आणि मृत सैनिक रेखाटले. ज्या लष्करी वैभवाला त्याने रूप दिले, त्याची किंमत त्याने डोळ्यांनी पाहिली होती.

१८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झाले. १८९८ मध्ये प्रशियाचा सर्वोच्च 'ब्लॅक ईगल' किताब त्याला मिळाला. ९ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याचे निधन झाले तेव्हा सम्राट दुसरा विल्हेल्म अंत्ययात्रेत सामील झाला. साम्राज्याने गौरव केला तो फ्रेडरिकच्या चित्रकाराचा. १८६६ मधील मृत सैनिकांची रेखाटने मात्र त्या गौरवात कोठेच नव्हती.